गोधडीत गेलेला टिंगू

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिचू.

चिचूला तीन पिल्लं. थोरली, मधला आणि धाकटा टिंगू.

सगळी ओळीनं चालायची. पुढे चिचू. चिचूची शेपटी थोरलीच्या तोंडात. थोरलीची शेपटी मधल्याच्या तोंडात. मधल्याची शेपटी टिंगूच्या तोंडात.

"शेपटी सोडायची नाही," चिचू सांगायची.

तुरु तुरु, तुरु तुरु.

ती राहायची तानूआत्याच्या घरात. तानूआत्या गोधड्या शिवायची. तिला फिरायची फार हौस. जिथे जाई, तिथून एक कापड आणी. घरी आली की त्याचा तुकडा गोधडीला जोडी.

पांढरा तुकडा आंबोलीच्या घाटातला. काळा तुकडा उंच किल्ल्याखालच्या बाजारातला. निळा तुकडा हर्णैच्या समुद्राकाठचा. आणि पिवळा तुकडा, तिथल्या दीपगृहाजवळचा.

एकदा काय झालं, दिवेलागणीची वेळ होती. आत्या गोधडीची शेवटची कड शिवत होती. सुई आत, सुई बाहेर. लाल दोरा मागे मागे. सुळुक, सुळुक.

चिचू भिंतीच्या कडेनं निघाली. गोधडीजवळून गेली. तुरु तुरु, तुरु तुरु.

टिंगूला जांभई आली. तोंड उघडलं. शेपटी सुटली.

आत्यानं गाठ मारली. दोरा तोडला. कट्ट.

चिचू बिळापाशी पोचली. मागे वळली. थोरली होती. मधला होता. मधल्याच्या मागे कोणीच नव्हतं.

चिचूनं दोघांना बिळात ठेवलं. ती परत धावली. तुरु तुरु, तुरु तुरु.

गोधडी जमिनीवर पसरली होती. पांढऱ्या तुकड्यातून धुकं निघत होतं. हळूहळू ते खोलीभर झालं. भिंती दिसेनात. दार दिसेना.

गोधडीच्या आत एक लहानसा उंचवटा होता. तो चालत होता.

"टिंगू," चिचू म्हणाली.

उंचवटा थांबला नाही.

चिचू म्हणाली, "गोधडी गोधडी, माझा टिंगू दे."

गोधडी म्हणाली, "नाही देणार. टाका सुटला तर देईन."

चिचू गेली टाक्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"गोधडी टिंगू देईना. टाक्या टाक्या, तू सूट."

लाल टाका म्हणाला, "नाही सुटणार. आत्यानं उसवलं तर सुटेन."

चिचू गेली आत्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"टाका सुटेना,
गोधडी टिंगू देईना.
आत्या आत्या, टाका उसव."

आत्यानं गोधडीवरून हात फिरवला. उंचवटा तिच्या हाताखालून गेला. आत्याचा हात थांबला.

"अगं बाय, तुझं लेकरू आत गेलं? मला कळलंच नाही. पण या धुक्यात मला टाका दिसत नाही गं. कात्री लेकराला लागली तर? धुकं हटलं तर उसवीन."

चिचू गेली पांढऱ्या तुकड्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

तिथे घाट होता. झाडं होती. झाडांना फांद्या होत्या, बुंधे दिसत नव्हते. धुकं टपटप गळत होतं.

"आत्या उसवेना,
टाका सुटेना,
गोधडी टिंगू देईना.
धुक्या धुक्या, तू हट."

धुकं म्हणालं, "नाही हटणार. वारा आला तर हटेन."

उंचवटा आता काळ्या तुकड्याखाली गेला होता. तो लहान झाला होता. टिंगू लांब लांब चालला होता.

चिचू गेली काळ्या तुकड्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

तिथे किल्ला होता. दारं उघडी होती. आत कोणी नव्हतं. तरी कोणीतरी श्वास घेत होतं. फूं... फूं... तो वारा होता. भिंतीला टेकून पडला होता.

"धुकं हटेना,
आत्या उसवेना,
टाका सुटेना,
गोधडी टिंगू देईना.
वाऱ्या वाऱ्या, तू ये."

वाऱ्यानं डोळे उघडले नाहीत. तो म्हणाला, "नाही येणार. लाट उठली तर येईन."

उंचवटा आता निळ्या तुकड्याखाली गेला होता. आणखी लहान झाला होता. चिंचोक्याएवढा.

चिचू गेली निळ्या तुकड्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

तिथे समुद्र होता. पाणी हलत नव्हतं. एक होडी उभी होती. होडीत कोणी नव्हतं. लाट तळाशी पडून वर बघत होती.

"वारा येईना,
धुकं हटेना,
आत्या उसवेना,
टाका सुटेना,
गोधडी टिंगू देईना.
लाटे लाटे, तू ऊठ."

लाट म्हणाली, "नाही उठणार. काठ कुठे आहे ते दिसत नाही. दिवा लागला तर उठेन."

चिचूचे पाय भिजले. तिला थंडी वाजली. ती थांबली नाही. चिचू गेली पिवळ्या तुकड्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

तिथे दीपगृह होतं. उंचच उंच. वरचा दिवा विझलेला.

"लाट उठेना,
वारा येईना,
धुकं हटेना,
आत्या उसवेना,
टाका सुटेना,
गोधडी टिंगू देईना.
दिव्या दिव्या, तू लाग."

दिवा हळूच म्हणाला, "जो हरवला त्यानं हाक मारली, की मी लागतो. अजून हाक आली नाही."

"टिंगू, हाक मार," चिचू म्हणाली.

काही नाही.

"टिंगू, हाक मार रे."

काही नाही. उंचवटा मुगाएवढा झाला होता.

चिचू खाली बसली. टिंगू हाक का मारत नाही? तिला काही कळेना.

तेवढ्यात तिच्या पायाखाली, कापडाच्या आत, लाल दोरा हलला. सर... सर... कोणीतरी तो धरला होता. कोणीतरी त्याच्या मागून चाललं होतं.

मग चिचूला कळलं. आत दोरा लोंबत होता. टिंगूला वाटलं, हीच शेपटी. त्यानं ती तोंडात धरली. आईनं सांगितलं होतं, सोडायची नाही. म्हणून तो सोडत नव्हता. तोंडात दोरा, मग हाक कशी मारणार?

चिचूनं कापडाला तोंड लावलं. अगदी हळू म्हणाली,

"टिंगू, ती शेपटी नाही. ती माझी नाही. ती मधल्याची नाही. सोड बाळा. आई सांगतेय, सोड."

दोरा हलायचा थांबला.



मग लांबून, खूप लांबून, आवाज आला.

"ची."

दिवा लागला. लख्ख.
लाट उठली. धो धो.
वारा आला. सूं सूं.
धुकं हटलं. भुर्र.
आत्यानं उसवलं. कट कट.
टाका सुटला. सुळुक.

आणि गोधडीनं टिंगू दिला.

आत्यानं त्याला बोटावर उचललं. तो भिजला होता. त्याच्या नखांत वाळू होती. आत्यानं ती चिमटीत घेऊन बघितली.

"हर्णैची आहे," ती म्हणाली. "एवढ्या लांब गेला होतास होय रे?"

टिंगू आईकडे बघत होता.

"आई, पुढे कोण होतं गं?"

"पुढे कुठे?"

"माझ्या पुढे. ते चालत होतं. मी थांबलो, तेव्हा तेही थांबलं."

आत्यानं लाल दोरा सगळा ओढून काढला. त्याचं दुसरं टोक, टिंगूनं न धरलेलं, तेही ओलं होतं. तिनं तो चुलीत घातला आणि जळेपर्यंत तिथेच बसून राहिली.

मग आत्यानं गोधडीतला मऊ कापूस काढला. मूठभर. बिळाच्या तोंडाशी ठेवला.

"घे बाय," ती म्हणाली. "माझ्या हातून चूक झाली. लेकरांना ऊब कर."

चिचूनं कापूस आत ओढला. थोरली एका बाजूला, मधला दुसऱ्या बाजूला, मध्ये टिंगू.

चिचूनं टिंगूचं अंग चाटलं. ते खारट लागलं. तिनं पुन्हा चाटलं. आता दगडासारखं लागलं, किल्ल्याच्या दगडासारखं. पुन्हा चाटलं. धुक्यासारखं गार लागलं.

ती चाटत राहिली, चाटत राहिली. शेवटी टिंगूच्या अंगाला टिंगूचाच वास आला.

मग चिचू झोपली.

गोष्ट होती एवढीशी, ठेवून दे उशापाशी.