शालीची घडी

पेट्यांना कुलपं नव्हती, नुसती झाकणं होती, तेव्हाची गोष्ट. अनसूयेच्या पेटीत लोकरीची एक शाल होती. लेकीच्या बाळाच्या बारशाला काढायची म्हणून तिची घडी कुणी मोडली नव्हती, अन् शालीला त्याचाच तोरा. घडीत वेखंडाचा तुकडा होता. "वास मारतोस मेल्या, सरक तिकडं!" म्हणून तिनं त्याला कोपऱ्यात धाडलं.

वास गेला तशी लोकर खाणारी कसर आली. "बाईसाहेब, काय ही घडी! मोडू देऊ नका हो," म्हणत घडीतच शिरली अन् अंडी घालून बसली. थोड्या दिवसांनी शालीला आतून कुणी कुरतडायला लागलं. 'आता बाळाला माझ्यात कोण गुंडाळणार?' म्हणून ती रडायला लागली. "वेखंडा, ये रे बाबा."

"येतो की. पण नुसत्या वासानं अंडी जात नाहीत, बाई. उन्हात अंग झटकून घ्यावं लागेल. घडी मोडेल."

"मोडू दे!"

अनसूयेनं झाकण उघडलं तशी शाल आपणहून घसरली अन् उलगडली. अनसूया चरकली. तिनं शाल उन्हात झटकली, काठ न् काठ झाडला. अंडी, अळ्या सगळं पडलं. मसुराएवढं भोक तेवढं राहिलं. वेखंड आत ठेवत ती म्हणाली, "आता दर महिन्याला ऊन दाखवीन गं तुला, अन् घडीही बदलीन."

बारशाला बाळानं त्या भोकात बोट अडकवलं अन् शाल मुठीत धरून झोपलं. अनसूया घडी घालायला ती हळूच ओढू लागली.

"राहू दे गं आई, सोडतच नाही," लेक म्हणाली.

शाल पार चुरगळली, पण तिनं हूं की चूं केलं नाही.