वीस तारखेला संपणारी डाळ

"डाळ मी नाही संपवत! माझं मेलं कुणाला खरंच वाटत नाही!" कुपनची चिठ्ठी ओरडून ओरडून दमली. ही तेव्हाची गोष्ट, जेव्हा बाईंची पाठ वळली की भांडी तोंड उघडायची.

चिठ्ठी दाखवली की सोजरबाईंना दुकानात डाळ स्वस्त मिळे. तरी महिन्याची डाळ पुरेना, वीस तारखेला डबा रिकामाच.

"स्वस्तातली डाळ, ती कशी पुरणार?" मोठं पातेलं घुमलं. "घाला हिला चुलीत!" सगळ्या भांड्यांनी माना डोलावल्या. बाईंनीही पहिल्या तारखेला डाळ आणली नि चिठ्ठी जाळायच्या कागदांत टाकली.

"आधी डाळ जाते कुठे ते बघा तरी," वाटी म्हणाली.

संध्याकाळी बाईंनी पातेल्यात वाटीभर डाळ घातली. त्या वळताच पातेलं खेकसलं, "माझं बूडसुद्धा झाकलं नाही! लग्नाच्या पंगती उठवल्यात मी!" जुन्या सवयीनं बाईंचा हात पुन्हा डब्यात गेला. आणखी एक वाटी पडली. जेवणं झाली आणि अर्धं वरण गायीच्या बादलीत गेलं.

"पोरी सासरी गेल्या, घरात तीन तोंडं उरली," वाटी कडाडली. "कालचं वरण कुणी खाल्लं? गायीनं! परवाचं?"

भांडी गायीच्या बादलीकडे बघू लागली.

दुसऱ्या दिवशी वाटीनं ढकलून एक लहानशी पातेली पुढे केली. बाईंनी तीच चुलीवर ठेवली. एका वाटी डाळीत तिघं जेवली. उरलेल्या डावभर वरणात सकाळी कणकेच्या चकोल्या शिजल्या.

त्या महिन्यात एकतीस तारखेलाही डब्यात डाळ होती. बाईंनी जाळायच्या कागदांतून चिठ्ठी काढून, झटकून पदराच्या गाठीत बांधली. मग इतके दिवस डाळ खात होतं कोण? भांड्यांनी एका सुरात नाव घेतलं, मोठं पातेलं.