टेकडीवरचा सायकल थांबा

नगरपालिकेने भाड्याच्या सायकली सुरू केल्या, तेव्हा नगराध्यक्ष खर्डेकरांनी हट्टाने एक थांबा टेकडीवर, आपल्या बंगल्यासमोर करून घेतला. लोक तिथून सायकल घेऊन उताराने सुसाट खाली यायचे, पण चढावरून परत कोणी आणत नसे. थांबा कायम रिकामा.

खर्डेकर देखभाल बघणाऱ्या हसीना मुजावरवर कडाडले, "बाई, सोमवारी थांबा भरलेला दिसला पाहिजे. सायकली वर आणायला टेम्पो मिळणार नाही. जमत नसेल तर घरी बसा!"

"भरते, साहेब."

साहेबांच्या भेटीसाठी लोक महिनोन् महिने खेटे घालायचे. हसीनाने गावभर पाट्या लावल्या : 'टेकडीवर सायकल आणून लावणाऱ्याला नगराध्यक्ष ताबडतोब भेटतील.'

सोमवारी थांब्यावर वीसच्या वीस सायकली उभ्या होत्या, आणि साहेबांच्या व्हरांड्यात वीस घामाघूम माणसं, गटारांचे अन् नळांचे अर्ज घेऊन. मंगळवारी तर सायकली कुंपणाला टेकवाव्या लागल्या.

बुधवारी खर्डेकरांनी हसीनाला बोलावलं. "हा थांबा आजच खाली बाजारात हलवा. जनतेला चढ झेपत नाही, अशी पाटी लावा."

"जनतेला झेपला की, साहेब," हसीना म्हणाली. "कोणाला झेपलं नाही, ते लिहू का पाटीवर?"