पडायला निघालेली म्हातारी

वारा झाडांशी थांबून बोलायचा, त्या काळची गोष्ट. वैशाखात सावरीची बोंडं तडकली. कापूस ल्यालेल्या बिया, ज्यांना पोरं म्हाताऱ्या म्हणतात, उडत निघाल्या. एक म्हातारी मात्र बोंडाला चिकटून बसली.

“चल की गं,” वारा म्हणाला.

“नको रे दादा. खाली बघितलं तरी भीती वाटते. उडाले आणि पडले तर?”

“पडणारच आहेस,” आई सावर म्हणाली. “पडल्याशिवाय रुजशील कशी? मीसुद्धा उडत येऊन इथं पडलेच होते की.”

म्हातारीनं आईच्या बुंध्याकडे पाहिलं. आभाळाला टेकलेलं एवढं झाड, तेही कधीकाळी पडलेलंच होतं. भीती काही गेली नाही, तरी तिनं बोंड सोडलं.

“दादा,” ती म्हणाली, “पाडायचंच आहे, तर जरा ओल बघून पाड.”