वरून येणारी नाव

"अजून किती दरवाजे राहिले?"

निरंजनगिरीने हे सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. भिवा नावाडी बिचारा सोशिक. "एकच, महाराज. तो चढला की तुमचं गावच."

पौषातली थंडी, कालव्यावर धुकं. दोन माणसं काठावरून दोराने नाव ओढत होती. दरवाजा आला की दोन दारांमधल्या हौदात शिरायचं, मागचं दार लावायचं आणि पाणी भरून नाव वर चढेपर्यंत बसून राहायचं. घाई असलेल्याने या वाटेला जाऊच नये!

"घाई आहे का रे तुला?" त्याचे म्हातारे गुरू वामनगिरी बाबा, त्यांनी घोंगडीतूनच विचारलं.

"मला? छे! आई शेवटच्या घटका मोजतेय, असा भावाचा निरोप आला. आपण चल म्हणालात, म्हणून निघालो. मी तर बारा वर्षांपूर्वीच सगळं तोडलंय."



खरं सांगायचं तर, दोन रात्री निरंजनगिरीचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

दुपार कलताना शेवटचा दरवाजा आला. वर पांढरं फडकं लावलेलं. भिवाने मुंडासं उतरवलं आणि नाव काठाला घेतली.

"का रे थांबलास?"

"वरून प्रेत येतंय, महाराज. नदीवर नेतायत. आधी वाट त्यांना, अशी रीत आहे इथली."

निरंजनगिरी उसळलाच. "मेलेल्याला कसली घाई? तिकडे जिवंत माणूस वाट बघतंय! आधी आम्हाला सोडायला सांग!"

भिवा हलला नाही.

हौदातलं पाणी हळूहळू उतरलं. दार उघडलं आणि वरची नाव बाहेर आली, अगदी हाताच्या अंतरावर. तिरडीवर एक म्हातारी होती. उशाशी दामू बसला होता, निरंजनगिरीचा धाकटा भाऊ.



"पहाटेपर्यंत तुझंच नाव घेत होती, दादा," दामू म्हणाला. "ये ना... खांदा तरी दे."

निरंजनगिरीने पाय उचललाही होता. मग स्वतःच्या भगव्या कफनीकडे नजर गेली, भिवा बघतोय हेही दिसलं, आणि तो ताठ बसला.

"संन्याशाला आई नसते, दामू."

दामूने डोळे पुसले आणि नाव पुढे घ्यायची खूण केली.

तेवढ्यात वामनगिरी बाबा उठले. गुडघे धरत, लटपटत पलीकडच्या नावेत उतरले. म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडू लागले.

निरंजनगिरी बघतच राहिला. "बाबा! आपण रडता? आपली कोण ही?"

नाव हलली. मधलं पाणी रुंद होत गेलं... बाबांनी अंगावरची घोंगडी काढून म्हातारीच्या पायांवर घातली.

"तुला आई नसेल रे," ते म्हणाले. "हिला मात्र दोन मुलगे होते. दुसऱ्याचा खांदा मी देतो."