पहिल्या गटातली बाई

“पण पहिलीच वेळ, हे कशावरून?”

बाईंनी शोधनिबंध वाचून संपवला होता. चष्मा अजून हातातच होता.

“कशावरून म्हणजे?” सुजय हसला. “विचारलं आम्ही, बाई. प्रत्येकाला.”

डॉ. निर्मला चौबळ यांनी मनोविकारशास्त्र शिकवण्यात हयात घालवली होती. निवृत्तीनंतर त्या तालुक्याच्या गावी एका धर्मादाय दवाखान्यात बसत. विद्यार्थी त्यांना बाई म्हणत. डॉ. सुजय घोलप हा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे त्याला कुणी सांगायची गरज नसे.

त्याने नैराश्यावर संशोधन केलं होतं. ज्यांना ते आयुष्यात पहिल्यांदाच आलं, ते एका गटात. ज्यांना पुन्हा पुन्हा येतं, ते दुसऱ्या. दोन्ही गटांच्या मेंदूत फरक दिसतो, असं त्याने दाखवलं होतं. वर्तमानपत्रांनी ते फोटोसकट छापलं. गट कसे पाडले, हे एकाही वर्तमानपत्राने विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. पहिली वेळ असेल, तर बरं वाटल्यावर काही महिन्यांनी गोळ्या थांबवता येतात. आधी येऊन गेलेलं असेल, तर त्या बरेचदा वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. नाहीतर ते परत येण्याचा धोका वाढतो.

बाहेर व्हरांड्यात कांचन भोईटे बसली होती. पहिल्या गटातली. याच तालुक्यातली. गेल्या साली ती विहिरीपाशी सापडली, वेळेत सापडली. आता बरी होती. सुजय तिला याच दवाखान्यात येऊन तपासे; आज तिच्या गोळ्या थांबवणार होता.

“हिला विचारलंस तेव्हा ती एकटी होती?”

“नाही. नवरा होता, सासू होती. तिघांनी एकच उत्तर दिलं.”

“एकच येणार.”

“म्हणजे खरं असणार ना?”

बाईंनी खिडकीचा पडदा सरकवला.

कांचन संत्रं सोलत होती. शेजारी एक विशीतला तरुण. मधे रुमाल पसरलेला. ती एकेक फोड सोलून रुमालावर ठेवी. तो उचलून खाई. पुन्हा ती ठेवी.

“हा कोण?”

“पुतण्या. पहिल्या तपासणीनंतर दर वेळी हाच घेऊन येतो. तिला काकी म्हणतो.”

“एकही फोड स्वतः खाल्ली नाही तिने. आणि त्याच्या हातातही देत नाही.”

“बाई, घोडा झालाय तो. भरवायचं की काय त्याला?”

“बोलाव त्याला.”

“त्याला? पेशंट ती आहे.”

“माहीत आहे…”

तरुण आत आला. खुर्च्या रिकाम्या असून उभा राहिला.

“नाव काय रे?”

“धीरज.”

“बाहेर बसल्यात त्या कोण?”

“काकी माझी.”

“आणि आई?”

“आई घरी. गुडघे धरलेत तिचे.”

सुजयने बाईंकडे पाहिलं. झालं समाधान, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

“जन्म कुणी दिला तुला?”

धीरजने खिडकीकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

“काकीने.”

…

सुजयने हातातलं पेन खाली ठेवलं.

“मी तान्हा होतो,” धीरज म्हणाला. “काकी मला घेईना झाली. जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. थोरल्या चुलतीने मला पदरात घेतलं. मग मी तिलाच आई म्हणायला लागलो. ते तसंच राहिलं.”

“मग बरी कधी झाली?”

“मला कळायला लागलं तोवर झाली होती.”

“तुला भावंड?”

“नाही. आजीने होऊ दिलं नाही. म्हणाली, परत तसलं नको घरात.”

“हे मला कुणीच का नाही सांगितलं?” सुजयचा आवाज चढला. “मी स्पष्ट विचारलं होतं, आधी असा आजार झाला होता का?”

धीरज गोंधळला. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

“आजार नव्हता हो, साहेब. ते घरातलं होतं.”

बाईंनी मान हलवली. तो बाहेर गेला. खिडकीतून दिसत होतं… तो पुन्हा त्याच जागी बसला. रुमालाच्या पलीकडे.



“एकीने निष्कर्ष बदलत नाही, बाई,” सुजय म्हणाला.

“नाही बदलत.”

“आकडे तसेच राहतात.”

“आकड्यांना काही होत नाही. कधीच काही होत नाही त्यांना.”

सुजयने शोधनिबंध उचलला. पहिलं पान पाहिलं. त्यावर त्याचं नाव ठळक होतं. त्याने तो पालथा ठेवला.

“गोळ्या थांबवत नाही,” तो म्हणाला. “तिला दुसऱ्या गटात घालतो.”

“पुतण्याच्या सांगण्यावरून?”

“मुलाच्या.”

“आधी सासूचं ऐकलंस. आता मुलाचं.”

“मग तिला विचारतो.”

“काय विचारशील?”

“की… धीरज झाला तेव्हा…” तो थांबला. “प्रश्नावलीत हा प्रश्न नाही, बाई.”

“नाही.”

“आणि ती पुन्हा ‘पहिलीच वेळ’ म्हणाली तर?”

बाई खिडकीपासून पुढे आल्या. खोलीत पेशंटच्या बाजूला तीन खुर्च्या होत्या. मधली पेशंटची, बाजूच्या दोन सोबत येणाऱ्यांच्या. नवऱ्याची त्यांनी उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली. परत आल्या आणि सासूची नेली. सुजय मदतीला पुढे झाला, तर हाताने नको म्हणाल्या. मग टेबलामागची, सुजयची, गादीवाली खुर्ची ढकलत त्याच वाटेने बाहेर काढली.

खोलीत एकच खुर्ची उरली.

“कांचनताई, आत या,” बाईंनी दारातून हाक मारली.

कांचनने हात पुसले. आत आली. सवयीने मागे वळून, सोबत कोण येतंय ते पाहिलं. कुणी नव्हतं. ती त्या एका खुर्चीच्या कडेवर बसली.

सुजय भिंतीपाशी अवघडून उभा होता.

“बाई,” तो हळू म्हणाला, “मी कुठे बसू?”

बाई बाहेरून दार ओढून घेत होत्या.

“ती म्हणेल तिथे.”