हरलेल्या फौजेची कोठी

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून मला एवढं कळलं, ते ऐका.

फार मागे एका बांधावरचे उंदीर आपसातच लढले. लढाई मिटली. हरलेल्या फौजेची कोठी तेवढी उरली, बाजरीच्या कणसांनी भरलेली. इकडे बिळाबिळांत पिल्लं उपाशी.

जिंकलेला सेनापती घुशा म्हणाला, "लढाई आमची, कोठीही आमची!"

हरलेल्यांची कोठी सांभाळणारी चिमाक्का म्हणाली, "लेका, कणसं लोकांच्या बिळातली आहेत."

निवाड्याला साळिंदरदादा बसले. त्यांनी दोघांकडे कोठीतल्या मालाची यादी मागितली. घुशाच्या यादीत एकच ओळ होती: 'सर्व आमचे.' चिमाक्का मान खाली घालून वाचू लागली, "खारीकडून पाच कणसं, दमदाटी करून. माझ्या बहिणीकडून दोन, तिला न विचारता."

घुशा खदखदून हसला. "अहो, म्हातारी स्वतःच चोरी कबूल करतेय!"

"म्हणूनच कोठी तिच्या हाती," साळिंदरदादा म्हणाले. "कुणाचं काय परत करायचं, ते तिनंच लिहून ठेवलंय."

सांजेपर्यंत बिळोबिळी कणसं पोचली. बहिणीच्या दारात मात्र चिमाक्का बराच वेळ उभी राहिली.

तेव्हा मंडळी, एवढी विनंती आहे: वही लिहाल तेव्हा आपण ओरबाडलेलंही तिच्यात लिहा.